वाळवंटातून आलेला धम्मयात्री : भिक्खू युआन श्वांग यांचे जीवन



तथागत भगवान बुद्धांना आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करून आम्ही हा लेख लिहावयास घेत आहोत. विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा कोणत्या तरी थोर धम्मसेवकाचे चरित्र त्यात असावे, अशी आपली पद्धत आहे. या वेळी आम्ही ज्यांची निवड केली त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते. चिनी प्रवासी युआन श्वांग. कुणी ह्युएन त्संग म्हणतात. माणूस तोच. सम्राट हर्षवर्धनाच्या धड्यात दोन ओळी येतात, परीक्षेत गाळलेली जागा भरली की नाव विसरले जाते. मुलांना विचारले तर ती म्हणतात, तो भारत बघायला आला होता. पण बघायला म्हणून एवढे कष्ट कोण सोसतो? ते भिक्खू होते आणि धम्मग्रंथ नेण्यासाठी आले होते. त्या ग्रंथांसाठी त्यांनी गोबीचे वाळवंट आणि त्यातल्या ठाण्यांची रांग एकट्याने ओलांडली. तीच हकिगत आज मुख्यतः सांगावयाची आहे.

बालपण आणि शंका

युआन श्वांग यांचा जन्म इ.स. 602 च्या सुमारास चीनमधील लोयांग शहराजवळच्या एका गावी झाला. घराणे चेन. वडील विद्वान गृहस्थ होते, सरकारी नोकरी सोडून घरी अभ्यास करीत बसलेले. चार भावांत युआन श्वांग सर्वात धाकटे. एक थोरला भाऊ लोयांगच्या विहारात भिक्खू झाला होता. त्याच्या मागे मागे हा मुलगाही विहारात जाऊ लागला आणि वयाच्या तेराव्या वर्षी श्रामणेर झाला.

काळ मोठा वाईट होता. सुई राजवट कोसळत होती, लढाया आणि दुष्काळ चालू होते. 618 साली तांग घराण्याचे राज्य आले. दोघे भाऊ राजधानी चांगआनला गेले, तिथेही अभ्यासाची सोय नाही म्हणून पुढे दक्षिणेकडे सिचुआन प्रांतात गेले. तिथे 622 साली युआन श्वांग यांची उपसंपदा झाली.

सिचुआनमधली एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. त्यांना एक आजारी माणूस भेटला. अंगभर फोडे, कपडे फाटके आणि घाणीने भरलेले. युआन श्वांग यांनी त्याला विहारात नेले, अन्नवस्त्रासाठी पैसे दिले. त्या माणसाने उपकाराची फेड म्हणून त्यांना एक लहानसे सूत्र शिकवले, ज्याला प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणतात. पुढे वाळवंटात हेच सूत्र ते मोठ्याने म्हणत चालले. ज्याच्या जवळ कुणी उभे राहात नव्हते, त्याच्याकडून घेतलेली शिदोरी एवढ्या लांबपर्यंत पुरली.

वाचन वाढले तशा शंका वाढल्या. एका आचार्याचे एक मत, दुसऱ्याचे दुसरे. भाषांतरे अपुरी, काही चुकीची. योगाचारभूमिशास्त्र या मोठ्या ग्रंथाचा पूर्ण पाठ चीनमध्ये नव्हताच. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय हा वाद मिटायचा नाही हे त्यांनी ओळखले. मूळ ग्रंथ होते बुद्धाच्या देशात. झाले, त्यांनी भारतात जाण्याचा निश्चय केला.

परवानगी नाही

आता अडचण अशी की सम्राट ताइत्सुंग नुकताच गादीवर आला होता. सरहद्दीवर तुर्कांशी लढाईचे दिवस होते. प्रजेने देशाबाहेर जाऊ नये असा सक्त हुकूम होता. युआन श्वांग यांनी आणि इतर काही भिक्खूंनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. बाकीचे गप्प बसले. हे एकटे 629 साली (काही अभ्यासक 627 धरतात) चांगआनहून पश्चिमेकडे निघाले. वय सत्तावीसच्या आसपास.

लिआंगझोऊ या सरहद्दीच्या शहरात तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना परत फिरा म्हणून बजावले. पण तिथल्या एका वडीलधाऱ्या भिक्खूने आपले दोन शिष्य सोबत दिले आणि रात्रीच्या रात्री त्यांना गुपचूप पुढे काढून दिले. दिवसा लपायचे, रात्री चालायचे, असे करीत ते ग्वाझोऊला पोचले. तिथे त्यांचा घोडा मेला. दोन शिष्यांपैकी एक तुनहुआंगकडे गेला, दुसरा नाजूक प्रकृतीचा, त्याला त्यांनी परत पाठवले. तेवढ्यात मागून सरकारी कागद आला : या नावाचा भिक्खू आढळल्यास पकडावा.

तो कागद ली चांग नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती पडला. हा अधिकारी श्रद्धावान होता. तो कागद घेऊन युआन श्वांग यांच्याकडे आला आणि हे तुम्हीच का म्हणून विचारले. युआन श्वांग यांनी खोटे बोलायचे नाही म्हणून खरे ते सांगितले. ली चांगने त्यांच्यासमोर तो कागद फाडला आणि लवकर निघा असे सुचवले. सरकारी नोकराने सरकारी हुकूम फाडणे ही काय साधी गोष्ट आहे? आपल्यात अनेक जण सरकारी नोकरीत आहेत, त्यांना यातला धोका सांगायला नको.

ठाण्यांची रांग

आता त्या मुलखाची थोडी माहिती दिली पाहिजे, नाहीतर पुढचे नीट समजणार नाही.

ग्वाझोऊच्या पुढे गोबीचे वाळवंट लागते. गोबी म्हणजे नुसती मऊ वाळू नव्हे. बराचसा भाग काळसर खडी आणि दगडगोट्यांचा, झाड नाही, सावली नाही. चीनच्या राजांनी या बाजूला फार जुन्या काळापासून भिंती आणि बुरूज बांधले होते. इसवी सनापूर्वीच्या हान घराण्याच्या काळापासून हे काम चालू होते. दगड मिळत नाही, मग खडी-माती आणि बोरूचे किंवा झावाच्या झुडपांचे थर एकावर एक दाबून भिंत उभी करायची. दिवसा धूर आणि रात्री जाळ करून एका बुरुजाने दुसऱ्याला शत्रू आल्याची खबर द्यायची. तुनहुआंगच्या बाजूला अशा दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीचे तुकडे अजून उभे आहेत, बोरूचे थरही त्यात दिसतात.

युआन श्वांग यांच्या काळात ग्वाझोऊच्या उत्तरेला एक खोल, वेगवान नदी होती. तिच्यावर युमेनचे ठाणे. त्या ठाण्यापलीकडे वायव्येला पाच टेहळणी बुरूज, एकेकात साधारण शंभर ली अंतर. एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर धरा. या पाच बुरुजांच्या मध्ये कुठेही पाणी नाही की गवत नाही. पाणी होते ते बुरुजांच्या पायथ्याशीच, आणि तिथे धनुष्यबाण घेतलेले शिपाई. पाचवा बुरूज संपला की मोहोयेन नावाचे आठशे ली लांबीचे वाळवंट, मग हामी हे गाव. थोडक्यात, ज्याच्या हातात पाणी त्याच्या हातात रस्ता. पाण्यावर पहारा बसवणे म्हणजे काय असते हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वाटाड्या

ग्वाझोऊत पांतो नावाचा एक परदेशी वंशाचा तरुण त्यांच्याकडे आला. त्याने त्यांच्याकडून पंचशील ग्रहण केले आणि पाच बुरुजांपलीकडे पोचवतो म्हणून कबूल केले. दुसऱ्या दिवशी तो एका म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हाताऱ्याजवळ एक रोडका तांबडा घोडा. या घोड्याने हामीची वाट पंधरा वेळा केली होती. म्हाताऱ्याने वाटेच्या धोक्यांची कल्पना दिली आणि ऐकतच नाही म्हटल्यावर निदान हा घोडा तरी न्या म्हणाला. युआन श्वांग यांनी आपला नवा धडधाकट घोडा त्याला देऊन तो म्हातारा घोडा घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रात्री दोघे निघाले. ठाण्यापासून थोड्या अंतरावर नदी अरुंद होती. पांतोने झाडे तोडून, त्यावर फांद्या आणि वाळू पसरून पूल केला, घोडे पलीकडे नेले आणि दोघे आडवे झाले. मध्यरात्री युआन श्वांग यांना जाग आली. बघतात तो पांतो हातात सुरा घेऊन त्यांच्याकडे येतोय. थोडा येई, परत वळे. ते उठून बसले आणि सूत्रपठण करू लागले. पांतो जाऊन झोपला.

सकाळी त्याने मनातले सांगितले. पुढे पाण्यासाठी बुरुजाशी जावेच लागणार, तिथे पकडले तर मृत्यू, आणि त्याच्यामागे घरदार होते. युआन श्वांग यांनी त्याला माघारी जाण्याची मोकळीक दिली. माझे तुकडे झाले तरी तुझे नाव घेणार नाही, अशा अर्थाचे वचन दिले, वर एक घोडाही दिला. पंचशील घेऊन फार वेळ झाला नाही तोच हाती सुरा घेणाऱ्या पांतोला नावे ठेवणे सोपे आहे. पण बायकापोरांची भीती कुणाला नसते? त्याच्या हातून खून झाला नाही, नदीवरचा पूल मात्र त्याच्याच हातचा होता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

बाण आणि पाणी

आता ते एकटे. वाट म्हणजे मेलेल्या जनावरांची हाडे आणि उंटाच्या लेंड्या. तेच खुणेचे दगड समजून चालायचे. उन्हात त्यांना दूरवर सैन्याच्या रांगा दिसू लागल्या, घोडे, उंट, निशाणे, क्षणात एक रूप, क्षणात दुसरे. जवळ जावे तर काहीच नाही. हे मृगजळ होते. भुताखेतांचा भास त्यांनाही झाला, पण पाय थांबले नाहीत.

ऐंशी ली चालून पहिला बुरूज दिसला. दिवसभर ते वाळूच्या चरात लपून बसले. अंधार पडल्यावर पाण्याशी गेले, प्याले, हात धुतले आणि पखाल भरू लागले. तेवढ्यात सणकन बाण आला आणि गुडघ्याजवळून गेला. मागोमाग दुसरा. तेव्हा ते मोठ्याने ओरडून आपण राजधानीहून आलेले भिक्खू आहोत असे सांगत घोडा घेऊन बुरुजाकडे चालू लागले.

तिथला अधिकारी वांग शिआंग. तोही बुद्धाला मानणारा निघाला. त्याने त्यांना तुनहुआंगला जाऊन राहण्याचा सल्ला दिला, तिथे एक चांगले आचार्य होते. युआन श्वांग यांनी नकार दिला. शिक्षा करायची तर करा, पण पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही असे निक्षून सांगितले. वांग शिआंगने त्या रात्री त्यांना निजायला जागा दिली, सकाळी जेवू घातले, पखाल भरून दिली आणि स्वतः दहा ली सोबत चालला. पुढे कोणत्या वाटेने थेट चौथ्या बुरुजाला जायचे तेही सांगितले, तिथे त्याचा भाऊबंद वांग पोलुंग होता.

चौथ्या बुरुजालाही आधी बाणच आला. ओळख पटल्यावर पोलुंगने मोठी पखाल आणि घोड्यासाठी चारा दिला. पाचव्या बुरुजाचा माणूस खडूस आहे, तिकडे जाऊ नका, शंभर लीवर रानघोड्यांचा झरा आहे तिथे पाणी घ्या, असे बजावले.

बंधूंनो, ठाणे माती-बोरूचे असते. ते कुणाला अडवायचे आणि कुणाला पाणी द्यायचे, हे आत बसलेला माणूस ठरवतो. ली चांग, वांग शिआंग आणि वांग पोलुंग यांनी आपापल्या जागी बसून जे केले ते केले नसते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

ती दहा ली

यानंतरचा भाग आम्ही जरा सावकाश सांगतो.

युआन श्वांग मोहोयेनच्या वाळवंटात शिरले. शंभर लीहून जास्त चालले, झरा काही सापडेना. वाट चुकली. तहान लागली म्हणून घोड्यावरून पखाल उतरवायला गेले, ती जड, हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. हजार ली पुरेल एवढी शिदोरी एका क्षणात गेली.

आता काय करणार? त्यांनी घोडा वळवला. चौथ्या बुरुजाकडे परत निघाले. होय, पूर्वेकडे. ज्या माणसाने पूर्वेकडे एक पाऊल टाकणार नाही म्हटले होते, तो दहा ली पूर्वेकडे चालला. दहा ली म्हणजे सुमारे पाच किलोमीटर, तासाभराहून जास्त चाल. तेवढा वेळ ते परत चालले होते.

आणि मग थांबले. आपण काय ठरवले होते ते आठवले. परत जाऊन जगण्यापेक्षा पश्चिमेकडे जाताना मेलेले बरे, असे मनाशी म्हणून त्यांनी लगाम पुन्हा वळवला आणि वायव्येकडे निघाले. पखाल रिकामीच होती. पाणी कुठे मिळेल याचा काही पत्ता नव्हता.

आपण दहा पारमितांमध्ये अधिष्ठान पारमिता ऐकतो. अधिष्ठान म्हणजे दृढ निश्चय. आम्हाला पूर्वी वाटायचे की थोर माणसाचा निश्चय कधी हलतच नसेल. या दहा लींनी आमचा तो समज काढून टाकला. निश्चय हलला होता. तहानेपुढे कुणाचाही हलेल. युआन श्वांग यांच्या शिष्याने गुरूचे चरित्र लिहिताना ती माघार झाकून ठेवली नाही, ही त्याची मोठी गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी जण बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर कुठे ना कुठे दहा ली मागे गेलेले असतात. कुणाचा लग्नकार्यात, कुणाचा आजारपणात पाय घसरतो. लाजून घरी बसण्याचे कारण नाही. लगाम पुन्हा वळवता येतो.

चार रात्री आणि पाच दिवस त्यांच्या घशात पाण्याचा थेंब गेला नाही. शेवटी ते आणि घोडा दोघेही वाळूत पडले. पाचव्या रात्री गार वारा सुटला, अंगाला बरे वाटले, घोडाही उठून उभा राहिला. थोडी डुलकी लागली, तीत एका उंच पुरुषाने चाल म्हणून दटावल्याचे स्वप्न पडले. ते दचकून उठले आणि निघाले. दहा ली गेल्यावर घोड्याने एकाएकी दुसरीच वाट धरली, ओढले तरी ऐकेना. थोड्या वेळाने पाहतात तो हिरवे गवत आणि जवळच स्वच्छ पाण्याचे तळे.

याला कुणी चमत्कार म्हणतात. आम्ही म्हणत नाही. पंधरा वेळा ती वाट तुडवलेला तो म्हातारा घोडा होता, थंड वाऱ्यावर त्याला पाण्याचा आणि गवताचा वास आला असणार. ऑरेल स्टाइन या संशोधकाने 1907 साली तुनहुआंगजवळच्या जुन्या भिंतीचा शोध घेतला आणि पुढे याच वाटेने हामीकडे प्रवासही केला. चरित्रातली वर्णने त्याने जमिनीवर पडताळून पाहिली आणि ती भरवशाची आहेत असे त्याचे मत झाले.

एक दिवस विसावा घेऊन, आणखी दोन दिवस चालून ते हामीला पोचले. तिथल्या विहारात काही चिनी भिक्खू होते. त्यातले एक वृद्ध भिक्खू अनवाणी, चिवराची गाठही न बांधता धावत बाहेर आले आणि आपल्या देशाचा माणूस पाहून गळ्यात पडून रडले.

गाओचांगचा राजा

हामीच्या पुढे तुर्फानच्या खोलगट प्रदेशात गाओचांगचे राज्य होते. तिथल्या राजाने त्यांना बोलावून घेतले, मोठा मान दिला आणि मग जाऊच देईना. इथेच राहून राज्याचे धम्मगुरू व्हा, नाहीतर परत चीनला पाठवतो, अशी भाषा सुरू झाली. युआन श्वांग यांनी तीन दिवस अन्नपाणी सोडले. चौथ्या दिवशी त्यांचा श्वास क्षीण झालेला पाहून राजा शरमला. त्याने जाण्याची परवानगी दिली, आणि परतताना तीन वर्षे इथे राहायचे असे वचन घेतले. मग मात्र हात सैल सोडला. तीस घोडे, पंचवीस माणसे, पुढच्या चोवीस राजांना पत्रे, सोने-रेशीम, थंडीसाठी तोंड झाकायची वस्त्रे, हातमोजे आणि बूट. काल चोरासारखा लपत आलेला भिक्खू आज काफिल्यासह निघाला.

तरी पुढे सुख नव्हते. बर्फाचे डोंगर ओलांडताना सोबतच्या दहांतले तीन-चार माणसे थंडीने आणि उपासाने गेली. समरकंद, बाल्ख करीत ते बामियानला आले. तिथे डोंगरात कोरलेल्या बुद्धाच्या दोन भव्य मूर्ती त्यांनी पाहिल्या आणि त्यांची नोंद केली. त्या मूर्ती मार्च 2001 मध्ये तोफा-सुरुंगांनी उडवून टाकल्या गेल्या. युआन श्वांग यांची नोंद उरली.

बुद्धाच्या देशात

गांधार, काश्मीर, मथुरा, कनौज, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, सारनाथ, बुद्धगया असे करीत ते नालंदा महाविहारात पोचले. तिथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांनी त्यांना योगाचारभूमिशास्त्र शिकवले. ज्या ग्रंथासाठी वाळवंट ओलांडले तो ग्रंथ अखेर मूळ भाषेत, खऱ्या गुरूच्या पायाशी बसून मिळाला. नालंद्यात त्यांनी एकूण पाच वर्षांच्या आसपास अध्ययन केले आणि पुढे दक्षिणेकडे निघाले.

या फेरीत 641 च्या सुमारास ते आपल्या महाराष्ट्रात आले. त्या वेळी इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता, हर्षालाही तो हटला नव्हता. इथले लोक साधे, मानी, उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे आहेत असे त्यांनी नोंदवले. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू या मुलखात असल्याचेही लिहिले. पूर्वेच्या डोंगरातील लेण्यांचे आणि दारावरच्या दगडी हत्तींचे त्यांचे वर्णन अजिंठ्याशी जुळते. अजिंठ्याच्या सहलीत सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांजवळचे हत्ती दिसतील तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

त्यांच्या लेखणीने कडू गोष्टही सोडली नाही. खाटीक, कोळी, जल्लाद, सफाई करणारे अशा लोकांची घरे खुणा करून वस्तीबाहेर ठेवलेली असतात आणि त्यांना रस्त्याच्या कडेने जावे लागते, हे त्यांनी लिहून ठेवले. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा सुरू झाली याचा शोध घेताना बाबासाहेबांनी युआन श्वांग यांच्या नोंदीही तपासल्या. तेराशे वर्षांपूर्वीच्या एका भिक्खूची साक्ष अशी आपल्या कामी आली.

पूर्वेकडचे पाऊल

कनौजला हर्षाने भरवलेल्या मोठ्या परिषदेत अठरा दिवस त्यांच्या मताला कुणी उत्तर देऊ शकले नाही. नालंद्याच्या भिक्खूंनी इथेच राहा म्हणून आग्रह केला. पण आपल्या माणसांकडे ग्रंथ न्यायचे होते. 643 साली ते परत निघाले. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नास हस्तलिखिते पाण्यात गेली. वाळवंटात पाणी सांडले तेव्हा तसेच पुढे गेले होते, इथे मात्र ते थांबले आणि माणसे पाठवून गेलेल्या ग्रंथांच्या नकला मिळवण्याची व्यवस्था केली.

गाओचांगच्या राजाला दिलेले वचन राहून गेले. 640 साली तांग सैन्य त्या राज्यावर चालून आले, राजा मरण पावला आणि राज्य बुडाले. त्या नगराच्या मातीच्या पडक्या भिंती आज तुर्फानजवळ उभ्या आहेत.

खोतान येथून युआन श्वांग यांनी सम्राट ताइत्सुंगला पत्र पाठवले. परवानगीवाचून गेलो होतो, हा गुन्हा सरळ कबूल केला. उत्तर आले ते स्वागताचे. सम्राटाने तुनहुआंगच्या अधिकाऱ्यांना वाळवंटात सामोरे जाऊन त्यांना घेऊन येण्याचा हुकूम दिला होता. ही वाट दक्षिणेची, वेगळी होती. पण ज्या सरहद्दीवर सोळा वर्षांपूर्वी बाण आले, तिथेच आता सरकारी माणसे वाट पाहात उभी होती. आता पूर्वेकडे पाऊल टाकायला हरकत नव्हती. 645 साली ते चांगआनला पोचले तेव्हा वीस घोड्यांवर 657 ग्रंथ होते. रस्त्यावर माणसांची एकच गर्दी लोटली.

सम्राटाने चीवर सोडून मंत्री व्हा म्हणून विचारले, त्यांनी नम्रपणे नाही म्हटले. त्याच्या सांगण्यावरून प्रवासवृत्त मात्र 646 साली बारा भागांत पूर्ण केले. त्यानंतरचे आयुष्य भाषांतरात गेले. एकोणीस वर्षांत 75 ग्रंथ, 1335 गुंडाळ्या. 652 साली ग्रंथ ठेवण्यासाठी चांगआनला स्तूप बांधला गेला, तेव्हा त्यांनी स्वतः टोपलीने विटा वाहिल्या. अखेरचे मोठे काम महाप्रज्ञापारमितेचे, 600 गुंडाळ्यांचे. शिष्यांनी थोडे संक्षिप्त करू म्हटले. त्यांनी एक शब्दही गाळला नाही. 663 साली ते काम संपले आणि 664 च्या आरंभी त्यांचे निर्वाण झाले.

पुढे आपल्या देशात नालंदा जळाले, ग्रंथ नष्ट झाले. महाविभाषाशास्त्रासारख्या ग्रंथाचे मूळ इथे उरले नाही, युआन श्वांग यांचे चिनी भाषांतर राहिले. नालंदा कुठे होते हेही लोक विसरले. 1861-62 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यांचे प्रवासवृत्त हाती धरूनच बडगाव येथील उकिरड्यासारखे टेकाड नालंदा म्हणून ओळखले. जानेवारी 1957 मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तीनच महिन्यांनी, युआन श्वांग यांच्या अस्थीचा अंश नालंद्यात पंडित नेहरूंच्या स्वाधीन करण्यात आला. ज्या महिन्यांत आपली माणसे धम्माकडे परतत होती त्याच महिन्यांत तेही परत आले, असे आम्हाला वाटते.

आपल्या विहारात ग्रंथांचे एक कपाट आहे. बऱ्याचदा ते वर्षावासातच उघडते. ते दर रविवारी उघडावे, घरटी एका मुलाने त्यातले एक पुस्तक न्यावे, वाचावे आणि परत आणून ठेवावे, एवढीच या वर्धापनदिनी आमची विनंती आहे. विहार आपल्या गल्लीतच आहे. वाटेत वाळवंट नाही, बुरूज नाही, कुणी बाण मारणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!